मूठ वळली तिची

आक्का,

लोकांसमोर मी तुला अहो-जाहो करायची. थोरली जाऊ, मान ठेवायला पाहिजे. चुलीपुढं दोघीच असलो की तू, आणि भांडण पेटलं की नुसतं 'ए'. आता तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले, तुझे मालक आणि माझे, दोघं भाऊ ओसरीवर गप बसलेत. म्हणून तूच म्हणते. आणि आधीच सांगून ठेवते, मी रडायला बसलेली नाही, भांडायला बसलेय. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तू मधूनच उठून गेलीस. असं तू कधी केलं नव्हतंस.

या दिवसांत बायकांनी तुझं काय करून ठेवलंय ते ऐकायला तू हवी होतीस. "गरीब गाय होती हो." "एका शब्दानं कुणाला दुखवलं न्हाई." मी पदर तोंडाला लावून बसले होते, सगळ्यांना वाटलं हुंदका दाबतेय. मी शिवी दाबत होते. तू गाय? तुझं शिंग लागलं नाही असं गल्लीत एक माणूस दाखव म्हणावं. डाळ मापात मारणाऱ्या दुकानदाराला तू काट्यासकट फळीवरून खाली ओढलं होतंस. तू गोधड्या धुवायला बसलीस की धोपटण्याचा आवाज वेशीपर्यंत जायचा. मारक्या म्हशीच्या नाकावर तू एकदा बुक्की ठेवून दिलीस, तर ती म्हैस तुझ्याच मागं मागं फिरायला लागली. अशा बाईची मेल्यावर गाय करतात, हे मला सहन झालं नाही. तुझ्या कंधारच्या मावशीला मी शेवटी म्हणालेच, "गाय नव्हती मावशी, वाघीण होती, आणि ती पण पिसाळलेली." मावशी घाबरून चहा मागायला उठल्या.

मी नांदेडहून या घरात आले तेव्हा डी.एड. झालेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागलेली, मनगटाला घड्याळ. चाकूरपासून आत या गावात तेवढ्यावर मी शहाणी ठरत होते. तू दारातच मला वरून खाली बघितलंस आणि म्हणालीस, "हिला कशाला लावावं कामाला, खडू वढायला?" तेव्हापासून मी मास्तरीण. पहिल्याच वर्षी तू मला तांब्या फेकून मारलास. कशावरून ते आता आठवत नाही. तांब्या कानाजवळून गेला, भिंतीवर आदळला. मी तोच उचलून तुझ्यावर भिरकावला आणि तो तुझ्या खांद्याला लागला. तू खांदा चोळत म्हणालीस, "नेम हाय की गं पोरीचा." त्या दिवशी माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा तुझ्यापेक्षा मोठा होता.

आपली जुळायची ती एका जागी, उखळापाशी. उन्हाळ्यात वर्षाचं तिखट कांडायचं, तेही मशीनवर न्यायचं नाही. "मशीनमंदी तिखट जळतंय," हा तुझा कायदा. एका उखळात दोन मुसळं. तुझं वर गेलं की माझं खाली, माझं वर की तुझं खाली. बोलायचं नाही, बघायचंही नाही, फक्त दुसरीच्या घावाला जागा सोडायची. एखादीचा ताल चुकला की मुसळावर मुसळ आदळायचं, खांद्यापर्यंत झिणझिण्या जायच्या आणि मग ठसक्यात आणि शिव्यांत फरक उरायचा नाही. पण आपला ताल क्वचितच चुकला. दिवसभर एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या आपण दोघी तिथं घामानं न्हाऊन निघायचो आणि उठताना दोघींचे डोळे लाल असायचे.

मग माझ्या हातांनी दगा दिला. आधी बोटांची पेरं सुजली, मग मनगटं, मग तळपाय. सकाळी उठायची तर रात्रभर कुणी सांध्यांवर मुसळ घातल्यासारखं अंग. तांब्या हातातून निसटायचा. फळ्यावर अक्षर काढायला गेले की खडू मोडायचा नाही, मीच मोडायची. झंपरच्या हुकाला हात लावला की डोळ्यांत पाणी यायचं. मूठ वळायची नाही. बोटं अर्ध्यात येऊन थांबायची, सुजलेली, गरम, ऐकायला तयार नसलेली.

तेव्हा रोज सकाळी धार काढून झाली की तू माझ्या खोलीत यायचीस, शेणाच्या वासासकट. माझं झंपर लावायचीस, वेणी घालायचीस. प्रेमानं नाही. केस असे ओढायचीस की मान मागं जायची. "सासरी आलीस का दवाखान्यात आलीस गं? मुडदा बशिवला ह्या बिमारीचा!" भाकरीचे तुकडे करून भरवायचीस आणि मी सावकाश चावले तर ओरडायचीस. मी तुला तेव्हा मनातून किती शिव्या दिल्या, त्या सगळ्या तुझ्या तोंडूनच शिकलेल्या होत्या.

बाजारात जडीबुटीवाला बसायचा, त्याच्याकडून काळ्या पुड्या तूच आणल्यास. दोन दिवसांत मी पाणी भरायला लागले. तू गल्लीभर सांगत सुटलीस. पण पुडी चुकली की मी अंथरुणाला खिळायची, आणि माझं तोंड पुरीसारखं फुगत चाललं होतं. शेवटी यांनी रजा काढली आणि आपल्याला लातूरला नेलं. ती डॉक्टरीण वयानं लहान, पण तिनं एकेक पेर दाबून बघितलं. तिनं विचारलं, "सकाळी आखडलेलं अंग किती वेळानं सुटतं?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "शाळंची घंटा झाली तरी सुटत न्हाई." तिनं सांगितलं की हा आमवात आहे, म्हणजे आपलंच शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं, आतल्या आत मारामारी चालते. तू मांडीवर थाप मारलीस. "मंग हाव! आमच्याच घरातली दिसून राहिली ही बिमारी." डॉक्टरीणबाई हसल्या. पुडी बघितल्यावर मात्र हसल्या नाहीत. यात सूज दाबायचं जालीम औषध कुटून घातलेलं असतं, म्हणाल्या, वरून बरं वाटतं आणि आतून माणूस पोखरतं. ते एकदम तोडताही येत नव्हतं, त्यांना ते हळूहळू उतरवावं लागलं. परतीच्या एसटीत तू खिडकीबाहेर बघत बसलीस. चाकूरपर्यंतच्या सगळ्या गाड्या मोजत असल्यासारखी.

तू माझी माफी मागितली नाहीस. पुढच्या बाजारच्या दिवशी तू पायातली वहाण काढलीस आणि त्या पुडीवाल्याला भर बाजारात बडवलंस. मी शाळेत होते, पण बघणाऱ्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की आता मीच बघितल्यासारखं वाटतं. त्याची चादर उलटली, बाटल्या फुटल्या, तो मिरच्यांच्या ढिगावर पडला आणि तू त्याच्या छातीवर गुडघा देऊन विचारत होतीस, "खा! तुही पुडी तू खाऊन दाखीव!" पोलीसपाटील मध्ये पडले म्हणून तो वाचला. घरी आलीस तेव्हा तुझी एक वहाण तुटली होती. ती कोपऱ्यात टाकलीस आणि भाजी निवडायला बसलीस.

आठवड्यातून एकदाच घ्यायची ती गोळी, तिचा वार तूच ठरवलास. बाजारचा दिवस. रोज घ्यायची नाही, चुकवायचीही नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. रोज घेतली तर जीवावर बेतेल, हे ऐकल्यापासून तू गोळ्यांचा डबा माझ्या हातीच ठेवला नाहीस. बाजारातून आलीस की भाजीची पिशवी खाली ठेवायच्या आधी ओरडायचीस, "ए मास्तरीण, गोळी!" दुसऱ्या दिवशी मला मळमळायचं, तर लिंबू कापून पुढं आदळायचीस. आठवडे गेले, फरक काही नाही. मला वाटायला लागलं, हेही फुकट. हेडमास्तर आडून आडून म्हणाले की रजा टाका, पोरांचं नुकसान होतंय.

ती सकाळ तुला आठवतेय. नसेल आठवत तर आठव. तू माझी वेणी घालत होतीस आणि म्हणालीस, "सोड आता ती नौकरी. लुळ्या हातानं पोरास्नी काय शिकिवणार?"

मी वळले आणि तुला मारलं. छातीच्या वर, खांद्याजवळ, होता नव्हता तेवढा जोर लावून. तू कपाटावर जाऊन आदळलीस, फणी तुझ्या पाठीखाली मोडली. मोठ्या जावेवर हात टाकला म्हणून मी हादरले होते, आणि तू माझ्या तोंडाकडं बघतच नव्हतीस. माझ्या हाताकडं बघत होतीस. सरपटत पुढं आलीस, माझं मनगट धरलंस, बोटं उघडलीस. "वळीव. परत वळीव!" मी वळवली. अंगठा बाहेर, बोटं आत, मूठ. पूर्ण नाही, पण मूठ. तू पाठ फिरवून माझ्यापुढं बसलीस. "मार. मार की गं भवाने, मार अजून!" आणि मी तुझ्या पाठीवर मारत सुटले. नोकरीचा राग, पुड्यांचा राग, ओढलेल्या केसांचा राग, सगळा तुझ्या पाठीवर काढला आणि तू हसत होतीस, ओरडत होतीस. मग तशीच अर्ध्या पदरानं गल्लीत पळालीस. "मारलं! मास्तरीणनं मला मारलं! मूठ वळली तिची!" शेजारणी भांडण सोडवायला धावल्या, तर तू त्यांना साखर वाटत होतीस.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली, आक्का. बरी झाले असं डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत, आटोक्यात आहे म्हणतात. मला तेवढं पुरतं. फळ्यावर माझं अक्षर परत आलं. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटांचा व्यायाम केला की दिवस माझा. कधीमधी एखादं मनगट रुसतं, तेव्हा त्या दिवशी जरा दमानं घेते. वेणी माझी मीच घालायला लागले आणि ती तुला रोज वाकडी दिसायची. तू उकलून परत घालायचीस आणि तेवढीच ओढायचीस.

रक्त तपासायला लातूरला जायचं, तेव्हा तू सोबत हवीच. एसटी फलाटाला लागायच्या आत तुझा टॉवेल खिडकीतून सीटवर पडलेला असायचा. दुसरं कुणी बसलं असलं तर, "ऊठ की रं बाबा, माझ्या जावंचे हात मोडलेत." पहिली वर्षं ते खरं होतं. नंतर मी तुला कानात सांगायची, "आक्का, मी धडधाकट आहे आता." तू कोपर मारून म्हणायचीस, "गप. हात पदरात लपीव." कित्येक वर्षं मी धडधाकट हात पदरात लपवून खिडकीशी बसून लातूरला गेले.

आणि गोळीवरून तू घातलेला वाद. "दुखत न्हाई तर औषध कामून खायलीस? निंदून झाल्यावर कुणी खुरपं चालवतंय का?" मी म्हणाले, "तण परत येतं ना आक्का, म्हणून चालवायचं." तू विचार केलास, मान डोलावलीस. तेव्हापासून गोळी द्यायला उशीर झाला की स्वतःलाच शिव्या घालायचीस. शेतातलं उदाहरण दिलं की तू हरायचीस, हे मला फार उशिरा कळलं.

पण एका बाबतीत तू हरली नाहीस. दुसरं मुसळ तू मला दिलं नाहीस. माझे हात गेले तेव्हापासून तू एकटी कांडायचीस किंवा शेजारच्या पद्मीनबाईला हाक मारायचीस. मी बरी झाल्यावर दर उन्हाळ्यात मागितलं आणि दर उन्हाळ्यात तू "न्हाई" म्हणालीस. मागच्या खेपेला मी तुला मुद्दाम डॉक्टरीणबाईंसमोर बसवून विचारलं. त्या म्हणाल्या, कांडू द्या की, थोडं थोडं, दुखायला लागलं की थांबायचं. आणि हातात धरायची वस्तू असेल तिची मूठ जाड करा, कापड गुंडाळा, म्हणजे बोटांवर ताण येत नाही. तू फिस्सकन हसलीस. "लाटण्याला, मुसळाला पागोटं बांधू का आता? नवरदेव हाय का त्यो?" डॉक्टरीणबाईंना तुझं बोलणं फार आवडायचं. मला त्या दिवशी अजिबात आवडलं नाही.

यंदा मिरच्या गच्चीवर कडक वाळल्या होत्या, देठं आपण दोघींनी खुडली होती. मी सरळ जाऊन मुसळ उचललं. तू दुसरं टोक धरलंस. ओढाओढ. तू म्हणालीस, "ह्या हातास्नी जेऊ कुणी घातलं? झंपर कुणी लावलं? माह्या मेहनतीचे हात हायेत, मी मोडू देणार न्हाई." मी म्हणाले, "हात माझे आहेत." "तुहे कशाचे!" मी मुसळ सोडलं आणि तुझा पदर धरला. टर्रकन फाटला. ते हिरवं, लाल काठाचं, नवं लुगडं. तू मला ढकललंस, मी मिरच्यांच्या पोत्यावर पडले. तू वरून ओरडलीस, "मी मेल्यावर धर मुसळ!" मी खालून ओरडले, "तितकी वाट बघीन!"

दोन दिवस आपण बोललो नाही. त्यातच बाजारचा दिवस आला, तर गोळीसाठी हाकही मारली नाहीस, डबा नुसता माझ्या पुढ्यात ठेवलास. तिसऱ्या दिवशी गोठ्यात शेण ओढताना तू खाली बसलीस ती उठलीच नाहीस. चाकूरला नेलं, तिथून लातूरला न्या म्हणाले. गाडीत मी तुझा हात धरला होता. तो सैल होता. तुझा हात सैल मी कधीच बघितला नव्हता. मी तुला तिथंही म्हणाले, "ए, धर की." तू धरला नाहीस.

म्हणून मला राग आहे. शेवटचा शब्द तुझा झाला आणि तो असला झाला. मुसळ धरायचं तर तू मेलेली पाहिजेस, आणि तू लगेच मेलीस. रडणाऱ्या बायकांत बसून मी हेच चावत होते. तू जिंकायसाठी काहीही करशील हे मला माहीत होतं, पण इतकं?

काल हे म्हणाले, "मिरच्या राहिल्यात. चाकूरला कांडपावर देऊन येतो." मी नको म्हणाले. माजघराच्या दारामागून मुसळं काढायला गेले. तुझं होतं तसंच होतं. माझ्या मुसळाला मधोमध, मूठ बसते तिथं, कापड गुंडाळलं होतं. वेढ्यावर वेढा, सुतळीनं करकचून बांधलेला, वर काठ येईल असा. हिरवं कापड. लाल काठ.

फाटलेला पदर, आक्का. भांडणात फाटलेला. म्हणजे 'मी मेल्यावर धर' असं ओरडून झाल्यावर, तोंड फिरवून फिरत होतीस त्या दोन दिवसांत, तू कुठंतरी बसून हे पागोटं बांधलंस. आणि सांगितलं नाहीस. मी वाट बघतेय हे तुला माहीत होतं आणि तू सांगितलं नाहीस. मी तिथंच, दारामागं, तुला मोठ्यानं आईवरून शिवी दिली. ओसरीवर दोघं भाऊ दचकले. मग मला रडू आलं, ते असलं की भिंत धरावी लागली. नवं लुगडं होतं ते. सांधून घेतलं असतं तर चाललं असतं.

मग मी कांडायला बसले. पागोट्याची मूठ माझ्या हाताला बेतल्यासारखी बसली. पहिल्या घावाला मिरची नाकात गेली, ठसका लागला, तुझा लागायचा तसाच. हे येऊन म्हणाले, "हात दुखतील." मी म्हणाले, "सरका." तुझे मालक एकदा डोकावले, हिरवं कापड बघितलं आणि गोठ्याकडं निघून गेले. मी मारत राहिले. देवाला मारलं, त्या सैल हाताला मारलं, गाय म्हणणाऱ्या बायकांना मारलं, तुला तर सगळ्यात जास्त मारलं. आणि प्रत्येक घावानंतर माझं मुसळ वर जाऊन थांबत होतं. तुझ्या घावाला जागा सोडत होतं. मी कितीदा घाई करून बघितली, हात ऐकेनात. त्यामुळं वेळ दुप्पट लागला.

मनगट बोलायला लागलं तेव्हा मी थांबले. उरलेल्या मिरच्या झाकून ठेवल्या. काल बाजारचा दिवस होता. गोळी घेतली. कुणी ओरडलं नाही, तरी घेतली.

मला भीती होती की आज सकाळी हात उठणार नाहीत आणि तू वरून म्हणशील, "सांगितलं नव्हतं?" उठल्या उठल्या आधी मूठ वळवून बघितली.

वळली. घट्ट वळली, आक्का. आता मारू कुणाला?